मनमाडला ठेवलेली गोधडी

माझ्या हाताला टाका चांगला येतो, ही गोष्ट मी लग्नानंतर कुणाला कळू दिली नाही. एकदा कळली होती, तेवढी पुरे झाली. शेजारणी भिशीच्या दिवशी जुन्या साड्यांचे गठ्ठे काढून बसतात, नातवंडांसाठी दुपटी शिवतात आणि मला म्हणतात, "तुम्ही पण घ्या ना सुई." मी म्हणते, मला जमत नाही. बटण तुटलं तर नवऱ्याला शिंप्याकडे पाठवते. आळशी बाई म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी जपून ठेवली आहे.

आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, मालगाडीचे गार्ड होते. मालगाडीच्या शेवटी एक छोटा डबा असतो, ब्रेक म्हणतात त्याला. त्यात एक लाकडी बाक, दोन्ही बाजूंना उघडा ओटा आणि त्यात एकटा गार्ड. पुढे पन्नाससाठ डबे कोळसा नाहीतर गहू आणि मागे नाना, हातात झेंडी घेऊन. लहानपणी मला वाटायचं, नाना आख्खी गाडी मागून ढकलतात. शाळेत मी हे सांगितलंही होतं आणि मुलींनी पुढे वर्षभर मला छळलं.

नानांची एक काळी लोखंडी पेटी होती. ड्युटीवर निघताना हमाल ती डोक्यावर घेऊन स्टेशनवर जायचा. पेटीत लाल आणि हिरवी झेंडी, हातदिवा, नियमांचं पुस्तक, जेवणाचा डबा आणि एक टॉवेल. पांघरूण मात्र त्यात मावत नसे. घरातल्या गोधड्या डबलबेडाच्या मापाच्या. घडी घातली तरी पेटीचं झाकण वर उचललेलं राहायचं. हिवाळ्यात नाना चाळीसगाव, नांदगावकडून परत आले की त्यांची पाठ धरलेली असायची. आई विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची आणि नाना पालथे पडून "हाय माय, हाय माय" करायचे.

मी तेव्हा बारावीला होते, सायन्सला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या कॉलनीत मुलीनं बारावी सायन्स करणं म्हणजे काहीतरी विशेष होतं. मला रसायनशास्त्र आवडायचं. आवडायचं हा शब्द कमी पडेल. परीक्षानळीत दोन रंगहीन द्रावणं एकत्र आली आणि खाली पिवळा साका बसला, की माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा नानांना मी हे जेवताना सांगत होते, तर ते ताटातला हात तसाच ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बारावी व्हई जाऊ दे. तुले जळगावले बी.एस्सी.ले टाकस. शटलनी जाय, शटलनी ये. पास तं रेल्वेना शेच." बारावी होऊ दे, जळगावला बी.एस्सी.ला घालतो, शटल गाडीनं जा-ये कर, पास तर रेल्वेचा आहेच. आईच्या देखत म्हणाले आणि खरकटा नव्हे तो हात माझ्या डोक्यावर ठेवला.

इथे एक सांगायला हवं. नाना बाहेर साहेबासारखं शुद्ध मराठी बोलायचे. कंट्रोलशी फोनवर हिंदी. रागावले तरी शुद्धच. पण माया दाटून आली की आपोआप अहिराणीत शिरायचे. त्यामुळे त्यांच्या अहिराणीवर माझा पक्का विश्वास होता. ते अहिराणीत बोलले म्हणजे ते मनातून आलं, असं माझं गणित होतं. गणितात मी कच्ची नव्हते, पण हे गणित चुकलं.

त्या शब्दाच्या बदल्यात मी त्यांना गोधडी शिवायला घेतली. पेटीत मावेल एवढी. पेटीची लांबीरुंदी मी दोऱ्यानं मोजून घेतली, नाना झोपलेले असताना. बाकावर बसून गुडघ्यांपासून छातीपर्यंत ओढता येईल, नाहीतर पाठीमागे घालून टेकता येईल, असं माप.

कापड घरातलंच. नानांच्या गणवेशाच्या पांढऱ्या पॅंटी बसून बसून मागून विरल्या की आई त्या ठेवून द्यायची. आईची दोन जुनी सुती पातळं होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. ती आत थरांना. आणि विटलेल्या झेंड्या. फाटकी झेंडी नाना घरी आणायचे आणि आई तिनं तवा धरायची. लाल झेंडीची भाकरीच्या वाफेनं गुलाबी झालेली फडकी आमच्या स्वयंपाकघरात कायम लटकलेली असत. मी ती सगळी गोळा केली, सोड्यात उकळली आणि चौकोन कापले. मधे पांढरं, चारी कडांना एक लाल एक हिरवा, एक लाल एक हिरवा. कॉलनीतल्या बायका बघायला यायच्या आणि खिदळायच्या. "अगं, तुझे नाना झोपतील की गाडी थांबवतील?"

शिवायला शिकवलं शेजारच्या क्वार्टरमधल्या म्हातारीनं. पॉइंट्समनची आई ती, मूळची धुळ्याकडची. सगळी कॉलनी तिला अक्का म्हणायची. अक्काला दिसत कमी होतं, पण टाका ती बोटानं वाचायची. ओसरीवर गोधडी पसरून चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, कुकर आणि माझं रसायनाचं जाडजूड पुस्तक ठेवलं होतं. अक्का मागून बोट फिरवत यायची आणि मधेच थांबून म्हणायची, "हाऊ टाका उसव. जुवारीना दाना एवढा पाहिजे. हाऊ तं शेंगदाना शे." मग मी तो टाका उसवायची. असे किती उसवले त्याला हिशेब नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सुईच्या मागच्या टोकानं घट्टा पडला. तो घट्टा प्रयोगशाळेत बाटलीचं बूच काढताना दुखायचा आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

आईला मात्र हे सगळं वेगळंच दिसत होतं. एकदा ती गोधडीची कड हातात घेऊन बराच वेळ बसली आणि म्हणाली, "नानाले कायले देस? तुना रुखवतमा ठेव. लोके देखतीन तरी." लग्नाच्या रुखवतात मांडायला ठेव, लोक पाहतील तरी. मी भडकले. माझं रुखवत कोण मांडतंय, मी जळगावला चालले, आणि ही नानांची आहे, असं काय काय बोलले. आई गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं मला तेव्हा हार मानल्यासारखं वाटलं होतं.

शेवटचा कोपरा राहिला तेव्हा अक्का म्हणाली, "थांब. गोधडी उपाशी देवानी नहीं." त्यांच्याकडची रीत होती. गोधडी कुणाला द्यायची तर तिच्या शेवटच्या कोपऱ्यात खायचा दाणा घालून मग तो शिवायचा. उपाशी गोधडी ऊब देत नाही, ज्याला दिली त्याचं काही राखत नाही. ज्वारी घातली तर कीड लागेल, म्हणून अक्कानं आपल्या कनवटीतून चारपाच सरक्या काढून दिल्या. कापसाचं बी. ते वर्षानुवर्षं टिकतं. मी सायन्सची मुलगी, मला हसू आलं. पण घातल्या. कोपरा शिवल्यावर बोटांनी चाचपलं की त्या हाताला लागायच्या, उशीच्या अभ्र्यात राहिलेल्या बटणांसारख्या.

दसऱ्याला सोनं देतात तशी मी नानांना ती दिली. आधी पाया पडले, मग आपट्याचं पान दिलं आणि पानाखालून गोधडी. नानांनी ती उलगडली, पाठीवर घेतली, आरशात पाहिलं, कडेच्या लाल चौकोनावर बोट ठेवून आईला म्हणाले, "हाई देख, मनी झेंडी!" मग माझ्यासमोर घडी घालून पेटीत ठेवली. झाकण अगदी बेतानं बसलं. त्या झाकणाचा बसल्याचा खट असा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि आता त्या आवाजाचाही राग येतो.

त्या हिवाळ्यात नाना ड्युटीवरून आले की आधी गोधडीचं बोलायचे. बूट काढता काढता सुरुवात. "बेटा, तुनी गोधडीनी वाचाडं माले. नहीं तं बरफ व्हई जाता मना." नांदगावच्या अलीकडे गाडी सिग्नलला कशी खोळंबली, वारा दोन्हीकडून कसा शिरत होता, त्यांनी गोधडी आधी पाठीला कशी घेतली आणि मग पायांवर कशी ओढली, पुढच्या ड्रायव्हरनं वॉकीटॉकीवर विचारलं की गार्डसाहेब, जिवंत आहात ना, आणि नाना कसे म्हणाले, माझ्या मुलीची कृपा आहे. हे सगळं अहिराणीत. मी पुस्तक मिटून ऐकायची. पाठही त्यांची धरत नव्हती, निदान तशी मला वाटत नव्हती. आईनं वीट तापवली की मी म्हणायची, आता कशाला, गोधडी आहे ना.

संक्रांतीच्या सुमारास मी म्हटलं, नाना, गोधडी द्या, धुऊन उन्हात घालते. तर म्हणाले, ती आता मनमाडला असते. मनमाडच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड आणि ड्रायव्हर ड्युटी संपल्यावर झोपतात तिथे, त्यांनी ती ठेवून दिली आहे. ने-आण नको. तिथला खानसामा नीट सांभाळतो. सगळे गार्ड विचारतात कुणी शिवली. नागपूरकडचा एक गार्ड आहे, भला माणूस, तो तर मागेच लागला आहे की मुलीला सांगून मला पण एक शिवून द्या.

मी खुळ्यासारखी खूश झाले. नागपूरच्या त्या गार्डसाठी कापड जमवायला लागले. त्याची पेटी केवढी आहे ते विचारून या, असं नानांना सांगितलं. नाना पुढच्या खेपेला माप सांगत आले. हाताची वीत करून दाखवली, एवढी आणि एवढी. मी ते लिहूनही ठेवलं. परीक्षा झाली की घेईन शिवायला, असं ठरवलं.

परीक्षा झाली. पेपर चांगले गेले. रसायनाचा तर इतका चांगला गेला की मी शटलचं वेळापत्रक पाठ करायला घेतलं.

आणि एक दिवस धुळ्याहून माणसं आली. मला पाहायला.

मी रडले, आदळआपट केली. नाना शांतपणे, शुद्ध मराठीत म्हणाले, "नुसतं पाहून जातील. पाहण्यानं काय होतं? ओळखीतली माणसं आहेत, नाही कसं म्हणू?" आई मान खाली घालून शेव ताटलीत काढत होती. मी म्हटलं, ठीक आहे, पाहून जाऊ देत. माझ्या मैत्रिणींना आलेली माणसं काय काय विचारतात ते मला ठाऊक होतं. चालून दाखव, वाचून दाखव, स्वयंपाक येतो का, शिवणटिपण येतं का, भिंतीवरचा मोत्यांचा मोर तूच केलास का. मी मनात ठरवलं होतं, सगळ्याला नाही म्हणायचं. स्वयंपाक येत नाही, शिवण येत नाही, काहीच येत नाही. पळून जातील बिचारे.

पण त्यांनी काही विचारलंच नाही. मुलगा सरकारी कचेरीत कारकून होता, तो चहाच्या कपाकडे पाहत राहिला. सासरे नानांशी पावसापाण्याचं बोलले. आणि सासूबाईंनी, म्हणजे ज्या पुढे माझ्या सासूबाई झाल्या त्यांनी, फक्त माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि मधल्या बोटाच्या घट्ट्यावर आपला अंगठा एकदा फिरवला. मग हसल्या. मला ती बाई त्या दिवशी आवडली, हे कबूल करायला लाज वाटते. म्हटलं, किती साधी बाई, कसलीच परीक्षा घेतली नाही.

ते गेले आणि नाना म्हणाले, ठरलं. मी किंचाळले. तुम्ही शब्द दिला होता, म्हटलं. जळगावचं काय? नाना बाकड्यावर बसले आणि दोन्ही हात उघडे करून मला दाखवले, रिकामे. "बेटा, मी काय करू? माले काय ठावं? चालीसनी उनं. पहिलाच नजरमा त्यास्नी हो म्हणी दिनं." चालून आलेलं स्थळ, पहिल्याच नजरेत त्यांनी हो म्हटलं, मला तरी काय माहीत. अहिराणीत बोलले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, एवढं चांगलं घर दारात आलेलं परत लावलं तर लोक तोंडात शेण घालतील, आणि शिक्षणाचा शब्द मी त्यांच्याकडून घेतला आहे, धुळ्यालाही कॉलेज आहे.

त्या रिकाम्या हातांकडे पाहून मी विरघळले. मला वाटलं, बिचारे नाना माझ्याइतकेच अडकले. आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत, फक्त गाडी दुसऱ्याच कुणीतरी सोडली. लग्नाला उभी राहिले ती त्यांना माफ करून उभी राहिले. अक्षता पडताना मी एकदाही रडले नाही आणि बायका म्हणाल्या, पोरगी धीराची आहे.

धुळ्याचं घर देवपुरात होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले आणि मी सासूबाईंच्या खोलीत पाण्याचा तांब्या ठेवायला गेले. त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी एक घडी होती. पांढरी, कडेला लाल, हिरवा, लाल, हिरवा.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते, कारण तेच मला सगळ्यात जास्त लागलं. मला वाटलं, नानांनी ती मनमाडहून आणून माझ्या सामानात घातली. मला परक्या घरी एकटं वाटू नये म्हणून आपली ऊब मला देऊन टाकली. मी खाटेवर बसले, गोधडी छातीशी धरली आणि लग्नात रडले नव्हते तेवढी रडले. नाना, तुम्हाला आता थंडी वाजेल, असं मनात म्हणाले. खरंच म्हणाले.

सासूबाई आत आल्या. मला तसं पाहून त्या कौतुकानं शेजारी बसल्या. "तूच शिवेल शे ना हाई? दिवाईना पहिले तुना नाना लई उनता. म्हने, मनी पोरनं काम देखा." दिवाळीच्या आधी तुझे नाना घेऊन आले होते, म्हणाले, माझ्या मुलीचं काम बघा. "मी हात फिरावा, नि तवयच तुना सासराले सांगं, आपले हाईच पोर करनी. बठ्ठा हिवाया मी हाईच पांघरी." हात फिरवला आणि तेव्हाच सांगितलं, हीच मुलगी करायची. सगळा हिवाळा मी हीच पांघरली.

मी गोधडीकडे पाहिलं. लाल रंग धुऊन धुऊन पांढऱ्यात उतरला होता. मधे तेलाचा डाग होता, त्यांच्या डोक्याच्या तेलाचा. वास या घराचा होता. शेवटचा कोपरा शोधून चाचपला, तर सरक्या हाताला लागल्या. जिथल्या तिथे.

दिवाळीच्या आधी. म्हणजे दसऱ्याला मी दिली आणि थंडी पडायच्या आधीच ती धुळ्याला पोचली होती. नांदगावचा सिग्नल नाही, दोन्हीकडचा वारा नाही, पायांवर ओढलेली नाही. ड्रायव्हर काही बोलला नव्हता. नाना उघड्या पाठीनं बसत होते, घरी येऊन मला ऊब सांगत होते आणि मी पुस्तक मिटून ऐकत होते. जळगावच्या शटलचं मी स्वप्न बघत होते तेव्हा माझी सोयरीक खाटेच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेली होती. म्हणून कुणी मला काही विचारलं नाही. म्हणून त्या बाईंनी फक्त बोटाचा घट्टा तपासला. माल आधीच पसंत होता, फक्त तो याच कारखान्यातला आहे ना, एवढंच बघायचं राहिलं होतं. गोड बोलून केसानं गळा कापणं म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. केस माझाच होता आणि तो मी सुईत ओवून दिला होता, हे पुस्तकात नव्हतं.

सासूबाईंचा मला राग आला नाही. त्यांनी मला फसवलं नव्हतं. त्यांना गोधडी आवडली आणि त्यांनी ती पांघरली. ज्याच्यासाठी शिवली होती त्यानं तेवढंही केलं नाही.

शिक्षणाचं विचारलं तेव्हा घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. असा शब्द कुणी कुणाला दिला नव्हता. पुढे मी बाहेरून बी.ए. केलं, दोन लेकरं सांभाळत. बाहेरून बी.ए. होतं, बी.एस्सी. होत नाही. प्रयोगशाळा काही बाहेरून मिळत नाही.

दिवाळीला मी माहेरी गेले नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. पण आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चुकवता येत नाही. खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी आली नाही तर गाव बापाला विचारतं. नाना न्यायला येणार होते, मी निरोप पाठवला, येऊ नका, मी माझी येते. सासूबाईंना म्हटलं, ही गोधडी मला द्या. त्यांनी का विचारलं नाही. "तुनीच शे," म्हणाल्या आणि स्वतः घडी घालून पिशवीत भरून दिली.

भुसावळच्या घरी पोचले तर ओसरीवर झोका बांधलेला, आईनं आमरसाचा घाट घातलेला. नाना ड्युटीवर निघायच्या तयारीत होते. गणवेश घातलेला, पेटी उघडी. मला पाहून हात पसरून पुढे आले. मी पिशवीतून गोधडी काढली आणि पेटीवर ठेवली.

नानांनी ती पाहिली. मग, माझा अजूनही विश्वास बसत नाही, ते हसले आणि म्हणाले, "अरे! हाई तं मनमाडले व्हती!"

मी म्हटलं, "नाना, तो नागपूरचा गार्ड कोण होता?"

त्यांनी झेंडी गुंडाळायला घेतली.

"त्याच्या पेटीचं माप तुम्ही मला आणून दिलं होतं. वीत करून दाखवली होती. कोण होता तो?"

आई दारात येऊन उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं, हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. "बाप शे तुना," ती म्हणाली. "वाईट करासाठे नहीं करं." वाईट व्हावं म्हणून नाही केलं. मी तिला म्हटलं, तुला मी विचारत नाही आहे.

नाना बाकड्यावर बसले. मला वाटलं, आता ते म्हणतील, चुकलं. मी ते ऐकायला धुळ्याहून आले होते. बस, तेवढं एक ऐकायला. त्यांनी गोधडीच्या कडेवर हात फिरवला, अगदी सासूबाईंसारखा, आणि मायेनं, खऱ्या मायेनं म्हणाले, "तू शिवेलच इतली चांगली व्हती, बेटा. मी काय करू?"

इतकी चांगली शिवली होतीस. म्हणजे शेंगदाण्याएवढे टाके घातले असते तर मी जळगावला गेले असते. अक्काचं ऐकून उसवले नसते तर गेले असते. बापासाठी जीव ओतला म्हणून बापानं विकली, आणि वर कौतुक. मला इतका संताप आला की डोकं एकदम थंड झालं.

देव्हाऱ्याजवळ आईची सुईदोऱ्याची डबी असायची. तिच्यातली कात्री आणली. शेवटचा कोपरा चाचपला आणि उसवला. ज्वारीच्या दाण्याएवढे टाके, एकेक तुटला. सरक्या तळहातावर काढल्या. अक्का आपल्या ओसरीवर बसली होती, तिला काही दिसत नव्हतं, पण कात्रीचा आवाज ऐकून तिनं मान इकडे वळवली. मी गोधडीची घडी घातली, पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"घ्या," मी म्हटलं. "आता ही तुमची. पण उपाशी दिली आहे."

हमाल आला होता. त्यानं पेटी डोक्यावर घेतली. नाना त्याच्या मागे चालू लागले, झेंड्या बगलेत धरून. वळले नाहीत.

सरक्या मी परसात फेकल्या. त्यांतली एखादी उगवली की नाही, पाहायला मी थांबले नाही.

नाना पुढे बरीच वर्षं नोकरीत होते. आखाजीला मी जायची, जेवायची, आईशी बोलायची. नानांशीही बोलायची, पावसापाण्याचं. ते माझ्याशी आता शुद्ध मराठीतच बोलायचे. ड्युटीवरून आले की बूट काढायचे आणि हातपाय धुवायला जायचे. नांदगावला गाडी थांबली होती का, वारा होता का, एक अक्षर नाही.

आई सांगते की ती गोधडी नानांनी निवृत्त होईपर्यंत पेटीत बाळगली. कोपरा तसाच उघडा होता, तिथून आतलं पातळ बाहेर यायचं आणि ते रोज बोटानं आत सारायचे, पण कुणाला शिवू द्यायचे नाहीत. हिवाळ्यात तीच पांघरायचे, असंही ती सांगते. अहिराणीत सांगते, डोळ्यांत पाणी आणून.

खरं असेलही. पण त्या घरातून मला ऊब सांगितली जाण्याची ही पहिली वेळ नाही.